काळा मुरूम

नांदूरखेडा
९ ऑगस्ट २०२५, राखी पौर्णिमा

शालूताई,

फोन तू ब्लॉक केलास, व्हॉट्सॲपला एकच टिक दिसून राह्यली, म्हणून कागद घेतला. वरती सप्रेम नमस्कार लिहायचा असतो, नववीपर्यंत तेवढं शिकलो. पण तू तो घेशील का न्हाई याचा भरोसा न्हाई, म्हणून जागा वाया घालवली न्हाई.

आज मनगट मोकळं होतं. आईनं सकाळी देवातला लाल दोरा बांधला अन् म्हणली, "हा देवाचा हाय, बहिणीचा समजू नको."

कारभारी दाजींच्या हातून तुझा निरोप पोचला. अर्ज मागं घे, तवाच राखी. तर माझं उत्तर हे आहे: न्हाई घेणार. बिलकुल न्हाई. तू अंबडची सून झालीस म्हणून चिंचओढा तुझा राह्यला न्हाई का? याच ओढ्यात तू मला मानेला धरून बुडवलं होतं, तुझी चप्पल मी वाहून जाऊ दिली म्हणून. ती चप्पल पुढं परसूच्या मळ्यात सापडली होती, एका बेडकाचा त्याच्यात संसार होता. ते राहू दे, कुठं गेलो मी.

दाजींनी तुला या अर्जाचं काय सांगितलं मला माहीत न्हाई. माझ्याकडून ऐक. जालन्याच्या एका कारखान्यात लोखंड वितळवतात. वितळताना भट्टीत वर जी घाण येते, ती थंड झाली की काळी, भोकाभोकाची, काचेसारखी टोचणारी होते. कारखाना तिला मुरूम म्हणतो. नाव चांगलं ठेवलं की घाणही सोयरीक जमवते. दाजींचे टिपर तो काळा मुरूम आणून ओढ्याच्या काठावर ओतायला लागले, तवा गाव खूश झालं. आपले सरपंच रामप्रसाद काका पारावर म्हणले, "फुकटचा मुरूम हाय, न्हाई कोण म्हणंल?" काठ भरला, मंग पात्रात ओतला, मंग विहिरीच्या वरच्या अंगाला. आता पाऊस पडला की विहिरीवर तवंग येतो. आईच्या दोन्ही हातांना खाज सुटली आहे, रात्रंदिवस खाजवते अन् म्हणते, उष्णता झाली. शेळ्या ओढ्याला तोंड लावत न्हाईत. शेळ्यांना तरी कळतं.

हे कोर्टाचं डोक्यात कसं आलं ते ऐक. मी मोसंबीच्या ट्रकवर किन्नर, म्हंजे क्लीनर, म्हणून पुण्याला गेल्तो. माल उतरेपर्यंत टाइम होता, फिरत फिरत एका चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी एक कोळीण बसली होती, कोकणातली, मांडीवर फाइल. मी समजलो जमिनीची भानगड असंल. म्हणली, "खाडीची केस आहे. आमची मासळी मेली, तर आम्ही लवादात आलो." नदी, झाडं, हवा यांच्यासाठी वेगळं कोर्ट असतं, त्याला हरित लवाद म्हणतात, हे मला तिथं कळलं. मासे कसे सुकवतात तेही सांगितलं तिनं, तो भाग लांब आहे. ट्रक मला सोडून निघून गेला.

मंग जुन्या जालन्यात शरयू मॅडम वकील भेटल्या. त्यांनी अर्ज लिहिला, मी सही केली. तुझा राग मला कळतो. टिपर उभे राह्यले तर तुझं घर कसं चालंल? पण अर्जात दाजींचं नाव मी टाकलं न्हाई, टिपरचा नंबर टाकला. नंबर खरा होता. खोटा टाकायला पाहिजे होता का?

या उन्हाळ्यात भावकीतल्या लग्नाच्या पंगतीत दाजी सगळ्यांसमोर म्हणले होते, "आमचा मेव्हणा म्हंजे वावटळ. चार दिवस एका जागी टिकत न्हाई, हा कोर्टात काय टिकंल?" लोक हसले. तूही हसलीस, वाढता वाढता. मी पाहिलं.

बबलू


जुना जालना
११ ऑगस्ट

शालूताई,

हे जल्दीत लिहून राह्यलो. मॅडमच्या ऑफिसात बाकड्यावर बसलोय, समोर एक म्हातारा भाडेकरूला शिव्या देऊन राह्यला, फार नवीन नवीन शिव्या आहेत.

बातमी ही की लवादानं समिती नेमली. परवा, बुधवारी, ते लोक ओढा पाहायला गावात येणार. डोळ्यानं पाहणार, पाण्याचे अन् मुरुमाचे नमुने नेणार. मॅडमनी बजावून सांगितलं, "भुजंग, सगळी केस या एका भेटीवर आहे. त्यांना तिथे काही दिसलं नाही, तर अर्ज निकाली निघेल, आणि दुसऱ्यांदा कोणी आपलं ऐकणार नाही. गावात जाऊन बस. ओढ्यातला खडा कोणी हलवू नये." मला भुजंग फक्त मॅडमच म्हणतात. कोणाला बोलवून राह्यल्या म्हणून मी मागं वळून पाहतो.

मी सरपंच काकांना फोन लावला, समिती येणार सांगितलं. काका म्हणले, "येऊ दे येऊ दे, तू काळजीच करू नको, बराबर करतो सगळं."

आता लगेच गावाला निघायला पाहिजे. पण उद्या अंगारकी. सगळा जालना राजूरला चालत निघून राह्यला, बायका, पोरं, म्हातारे, अनवाणी. मी म्हणलं, गणपतीच्या कानावर घालून येऊ, समिती तर परवा आहे. उद्या दर्शन, परवा सकाळच्या गाडीनं गावात.

अक्षर वाकडं येऊन राह्यलं त्याला हसू नको. मोटारसायकलवरून पडलो, उजव्या हाताला पट्टी आहे. डाव्या हातानं लिहितो. विशेष काही न्हाई.

बबलू


नांदूरखेडा
१४ ऑगस्ट

शालूताई,

बस. हातातलं काम ठेव अन् बसून वाच.

काल सकाळी एसटीतून उतरलो तर मला वाटलं चुकीच्या गावात उतरलो. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण. त्याच्यावर कापडी बोर्ड: पुण्याहून आलेल्या समितीचे नांदूरखेडा ग्रामस्थांतर्फे हार्दिक स्वागत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा. पोरी रांगोळी काढून राह्यल्या. ओढ्याकडं पळालो.

ताई, ओढा लख्ख होता. काठ झाडलेला. पात्रातला मुरूम खरवडून नेलेला, वरून कुणी तरी पिवळी माती टाकून धोपटलेली. कांताबाई, आपली शेजारीण, हातात खराटा घेऊन उभी होती, घामाघूम.

"आलास का वावटळी? बघ! काल दिवसभर सगळं गाव राबलं. दोन ट्रॅक्टर लावले."

"मावशे, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं म्हंजे? पाव्हणे येणार, त्यांना असली घाण दाखवायची? पोरगी पाहायला लोक आले तर आपण घर सारवतो का न्हाई?"

"अगं, घाणच पाहायला येऊन राह्यलेत ते!"

कांताबाईनं खराटा खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "राजूरला ऊन लागलं काय रे तुला? घाण पाहायला पुण्याहून कोण येतं?"

सरपंच काका नवा फेटा बांधून आले. मी तोंड पाडून उभा, अन् ते माझ्यावरच चिडले. "तूच अर्ज केला, तूच असा सुतकात? लोक राबले तुझ्यासाठी!" ते खोटं बोलून राह्यले नव्हते, ताई. खरंच माझ्यासाठी राबले होते. साऱ्या गावानं मिळून, प्रेमानं, माझी केस झाडून टाकली होती. मी त्या दिवशी इथं असतो तर एक खराटा चालू दिला नसता, पण मी राजूरला होतो. तिथंही दर्शन दुपारीच झालं होतं, पण एक माणूस भजनाची बाजाची पेटी दुरुस्त करून राह्यला होता, तिच्या आतली पितळी जीभ कशी घासतात ते पाहत बसलो.

मॅडम जालन्याहून आल्या, ओढा पाहिला अन् चष्मा काढून पुसत राह्यल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

समिती आली. दोन साहेब, एक बाई अधिकारी, त्यांच्याकडं बाटल्या अन् पिशव्या. कारखान्याचा माणूसही आला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सगळे ओढ्यावर गेले. पांढरा शर्ट हात पसरून म्हणला, "बघा साहेब, कुठे काय आहे? गावात दोन गट असतात, त्यातून हे अर्ज येतात." मोठ्या साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: स्थळावर काही आढळून आले नाही. मी ओरडलो, "साहेब, काल झाडलंय हे!" ते म्हणले, "झाडलेलं कुठे आहे, ते दाखवा." ते बराबरच बोलले, पण मी काय दाखवू?

सरपंच काकांनी सगळ्यांना शाळेसमोरच्या मांडवात नेलं. खुर्च्या, सतरंज्या, चहा, पोहे, शाली. साहेब म्हणले, शाल घेणं नियमात बसत न्हाई. काकांचं तोंड उतरलं. "नियमात न बसायला काय झालं, खांद्यावर तर बसंल!" लोक हसले. बाई अधिकारीही हसल्या.

तवा मला एक गोष्ट सुचली. न्हाई, सुचली न्हाई, टोचली. माझी चप्पल झिजलेली, राजूरला चालून टाचेला भोक पडलेलं. सतरंजीवर उभा होतो अन् खालून काहीतरी टाचेत टोचून राह्यलं होतं. काचेसारखं. मी विचार केला, शाळेसमोर ऑगस्ट महिन्यात घोट्याएवढा चिखल असतो. दरवर्षी असतो. पंधरा ऑगस्टला आपण झेंडावंदन चिखलातच केलेलं आहे. आज चिखल कुठं गेला?

मी मोठ्या साहेबांच्या खुर्चीला हात लावला. "उठा साहेब जरा."

"बबल्या!" काका ओरडले. "पाव्हण्यांना उठवतो? पोहे तरी खाऊ दे!"

"उठा ना साहेब. दोन मिनिटं."

ते उठले. मी डाव्या हातानं सतरंजीचा कोपरा धरला अन् ओढली. कप पडले, पोहे सांडले, आईनं पदर तोंडाला लावला. खाली काळा मुरूम. साऱ्या मांडवाखाली पसरलेला, पावसानं ओला, अन् त्याच्यातून निघालेलं पाणी खड्ड्यात साचलेलं, वर निळा जांभळा तवंग.

बाई अधिकारी खाली बसल्या, हातमोजा घातला, एक खडा उचलला. मंग सरपंच काकांना विचारलं, "हे कुठून आणलंत?"

अन् ताई, काकांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. फेटा सावरून म्हणले, "ओढ्यातून, मॅडम! काल सगळ्या गावानं उचललं. तुमच्या पायाला चिखल लागू नये म्हणून अंथरलं. हाय अजून, शाळेमागं ढीग हाय, दाखवू?"

शरयू मॅडमनी चष्मा घातला. "दाखवा," म्हणल्या.

ढीग पाहिला, नमुने घेतले, विहिरीचं पाणी घेतलं. ओढ्याची पिवळी माती खणली तर खाली काळा थर निघाला. पंचनामा झाला, अन् सही करायला सारं गाव रांगेत. कांताबाईनं अंगठा दिला अन् वर सांगितलं, "मी सगळ्यात जास्त पाट्या उचलल्या, तेबी लिहा." लिहिलं ताई, खरंच लिहिलं.

पांढरा शर्ट जाताना एवढंच म्हणला, "माल आमचा कशावरून? भट्ट्या काय एकच आहेत?"

हात बरा आहे.

बबलू


नांदूरखेडा
२३ ऑगस्ट, पोळ्याचा दुसरा दिवस

शालूताई,

खांदमळणीला या साली बैल ओढ्यावर नेले न्हाईत. बोअरच्या नळीनं धुतले. आपल्या ढवळ्याला नळी माहीत न्हाई, तो दोर तोडून पळाला तो थेट ओढ्यावर जाऊन उभा राह्यला. पाण्याचा वास घेतला, शिंगं हलवली, अन् कोरडाच परत आला. आई म्हणली, "त्याला लाज वाटली." मला वाटतं लाज आपल्याला वाटायला पाहिजे, पण मी सणासुदीला वाद घातला न्हाई. पुरणपोळ्या होत्या.

आता कामाचं. कारखान्यानं लवादात लेखी उत्तर दिलं: माल आमचा न्हाई. अन् त्याच्यासोबत एक कागद जोडला. दाजींनी लिहून दिलं आहे की त्यांचे टिपर नांदूरखेड्यात कधी आलेच न्हाईत.

कधीच न्हाई, ताई. म्हंजे गेल्या संक्रांतीला तू वाण घेऊन आलीस ती उडत आलीस.

मला सगळं बराबर आठवतं. तू टिपरच्या केबिनमध्ये बसून आल्ती. पोरगी मांडीवर. दाजी स्वतः चालवून राह्यले होते. आधी ओढ्यावर थांबले, मुरूम ओतला, धुरळा उडाला म्हणून तू पोरीच्या तोंडावर पदर धरला, अन् मंग घरी आलात. तुझ्या साडीला काळं लागलं होतं, आईनं ती सोड्यात भिजवली. डाग गेला न्हाई. कारखान्याच्या गेटातून भरून निघालात तवाही तू केबिनमध्येच असशील, कारण दाजींनी तुला जालन्यात तुझ्या जावेच्या घरून घेतलं होतं.

मॅडम म्हणतात, गावानं मुरूम ओढ्यातून उचलला हे सिद्ध झालं. तो कारखान्यातूनच आला, हे सांगणारा एकही माणूस न्हाई. तो माणूस मिळाला न्हाई तर ढीग आपल्याच गळ्यात पडंल. गावानंच कुठून तरी आणला असं ठरंल, अन् विहीर तशीच राहील.

मी तुला बोल म्हणत न्हाई. खोटं बोलू नको एवढंच.

न्हाई, कशाला गोल गोल फिरू. बोल असंच म्हणून राह्यलो.

दाजी वाईट न्हाईत हे मला माहीत आहे. माझ्या आजारपणात त्यांनीच मला टिपरमध्ये घालून दवाखान्यात नेलं. त्यांनी तो कागद कोणाच्या दबावात दिला हेही मला माहीत आहे, कारण त्याच माणसांनी मला आधी समजावलं होतं. मोटारसायकलवरून पडलो असं लिहिलं होतं ना? मोटारसायकल तवा उभी होती. दोघं होते, बोलले कमी. दाजींना यातलं माहीत नव्हतं, उगं त्यांच्याशी भांडू नको. आईनं तुला काही सांगितलं असंल तर ती जास्तीचं सांगते. दोनच बोटं मोडलीत.

महालक्ष्म्यांना येशील का? आई विचारत न्हाई, पण तुझं पातेलं घासून ठेवलंय.

अर्ज मागं घेतलेला न्हाई.

बबलू


नांदूरखेडा
१० सप्टेंबर

शालूताई,

महालक्ष्म्यांना तू आली न्हाईस. आईनं तुझ्या वाटचं ताट वाढलं, अन् मंग ते मीच खाल्लं. आंबील फर्मास झाली होती.

काल शरयू मॅडमनी ऑफिसात बोलावलं. समोर शपथपत्र ठेवलं, म्हणल्या, वाच. मी आधी खालची सही पाहिली. तुझा शा अजून तसाच, काना लांब, खाली शेपूट.

मी दोनदा वाचलं. पाठच झालं. "टिपर माझ्या पतीचा आहे. माल कारखान्याच्या गेटात माझ्यासमोर भरला. नांदूरखेड्याच्या ओढ्यात माझ्यासमोर ओतला. त्या दिवसाची साडी माझ्याकडे आहे, डाग गेलेला नाही, हवी तर देते. अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे. आमचं बोलणं बंद आहे. त्याचा स्वभाव मला पसंत नाही."

मॅडम म्हणल्या, शेवटचं वाक्य खोडू का, असं त्यांनी तुला विचारलं होतं. तू म्हणलीस, "राहू द्या. खरं आहे."

मी हसलो, ताई. इतका हसलो की बाहेरचा भाडेकरूवाला म्हातारा वाकून पाहायला लागला. मंग मॅडमनी पाणी दिलं, कारण ते हसणं न्हाई असं त्यांना वाटलं.

तू एकटी आल्तीस म्हणं, एसटीनं, पोरीला घेऊन. दाजींना सांगून आलीस का न सांगता, ते तू मला कळवणार न्हाईस. घरी काय झालं तेही कळवणार न्हाईस. मला कळतं, हे तू माझ्यासाठी केलं न्हाईस. आईच्या हातांसाठी केलं असंल, विहिरीसाठी, किंवा तुला खोटं सहन होत न्हाई म्हणून. कशासाठी का असंना. इथं घर आहे, हे मी सांगायला पाहिजे का? कोणत्याही दिवशी, पोरीसकट. अन् दाजींनाही. त्यांनी खरं काय ते सांगितलं तर मॅडम त्यांच्या बाजूनंही दोन शब्द बोलतील.

लवादाचा हुकूम आला आहे: पुढच्या तारखेपर्यंत ओढ्यात कोणी काही टाकायचं न्हाई. सरपंच काकांनी तो पारावर मोठ्यानं वाचला. कांताबाई म्हणली, "आता समिती परत आली तर झाडायचं का न्हाई, ते आधी विचारून घ्या." सगळा पार हसला, पण काका न्हाई हसले. त्यांनी ओढ्यावर राखणीला पाळ्या लावल्या आहेत. टिपर दिसला की घंटा.

आता एक काम सांगतो अन् पत्र संपवतो. मॅडम म्हणतात, कारखान्याचा वकील उभा राहून विचारणारच: बहीण भावाच्या बाजूनं बोलून राह्यली, त्यात काय नवल? तवा तुझं ते शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. भाऊ पसंत न्हाई तरी खरं सांगून राह्यली, अशी साक्ष जल्दी मोडत न्हाई.

म्हणून माझा नंबर ब्लॉकच ठेव. या पत्राचं उत्तर देऊ नको. राखी पाठवू नको. देवाचा दोरा आहे हातात, चालून जातं.

सोयाबीन काढायला हार्वेस्टरवर मध्य प्रदेशात चल म्हणून जुन्या मालकाचा फोन आल्ता. नवी मशीन आहे, केबिनला एसी. मी न्हाई म्हणलो. तारीख आहे म्हणलो. तो म्हणला, "तुला अन् तारीख?" मी म्हणलो, "हां, मला."

निकाल लागला की ब्लॉक काढ अन् माझ्या स्वभावावर बोल, पोटभर बोल, चपलेपासून सुरू कर. मी कुठं जात न्हाई. गावातच सापडीन.

वावटळ